डोंगर की पाणी? आधी खोलीपासूनची वाट विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरातले पाच जण, म्हणजे तुम्ही दोघे, चार वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. चार दिवस मोकळ्या हवेत काढायचे आहेत, डोंगरात किंवा पाण्याकाठी. पंधरा-वीस रिसॉर्टं पाहून झाली, फोटोंत सगळी सारखीच सुंदर दिसतात आणि निर्णय काही होत नाही.

मी आधी सहा वर्षं एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर होते आणि त्यानंतरची अठरा वर्षं कुटुंबांच्या सहली आखते आहे. इतक्या वर्षांत एक सवय लागली आहे. कोणी रिसॉर्टचं नाव घेतलं की मी सोयींची यादी बघत नाही. विचारते, खोलीच्या दारातून बाहेर पडल्यावर जेवायला, पाण्याकडे किंवा फिरायच्या पायवाटेकडे जायची वाट कशी आहे? किती लांब, किती पायऱ्या, मध्ये काय लागतं, अंधारात दिवे असतात का? सहल कशी होणार ते नव्वद टक्के या वाटेवर ठरतं, आणि जाहिरातीत तिचा एकही फोटो नसतो.

ही सवय एका चुकीतून लागली. सुरुवातीच्या काळात मी एका कुटुंबाला डोंगरउतारावरचं रिसॉर्ट सुचवलं होतं. दरीकडे तोंड केलेल्या सुट्या कॉटेज, देखणी जागा. मी स्वतः तिथे राहून आले होते, पण पायऱ्या मोजल्या नव्हत्या, कारण माझे पाय धडधाकट होते. कॉटेजपासून जेवणघरापर्यंत ९२ पायऱ्या होत्या, दगडी, कमी-जास्त उंचीच्या, आणि कठडा एकाच बाजूला. पहिल्या रात्री आजी मुलाच्या खांद्याला धरून उतरल्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेत एका पायरीवर बसल्या आणि तिथूनच परत फिरल्या. पुढचे तीन दिवस नातू झाकलेलं ताट घेऊन वर जात होता. परत आल्यावर त्यांनी तक्रार केली नाही, उलट म्हणाल्या, 'खिडकीतून छान दिसत होतं हो.' ते वाक्य मला आजही टोचतं.

त्यामुळे रिसेप्शनला फोन कराल तेव्हा 'पायऱ्या आहेत का?' असं विचारू नका. 'थोड्याशा आहेत' हे उत्तर ठरलेलं असतं, आणि सांगणारा खोटं बोलत नसतो, तो रोज चढतो-उतरतो. 'मोजून सांगाल का?' असं विचारा. त्याहून चांगलं म्हणजे, कोणालातरी खोलीच्या दारापासून जेवणघरापर्यंत आणि तिथून पाण्यापर्यंत चालत जाऊन मोबाईलवर सलग व्हिडिओ काढून पाठवायला सांगा. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. जे रिसॉर्ट हे आनंदाने करतं तिथे पुढेही तुमचं ऐकलं जातं, हा माझा अनुभव आहे. बग्गी आहे असं सांगितलं तर एकूण किती आहेत आणि रात्री किती वाजेपर्यंत चालतात, तेही विचारा. साठ खोल्यांना दोन बग्ग्या असतील तर जेवणाच्या वेळी सासूबाईंना अर्धा तास खुर्चीत वाट बघत बसावं लागेल.

आता डोंगर की पाणी. डोंगर म्हणताना आधी उंचीचा आकडा शोधा. साधारण २५०० मीटरच्या वर मुक्काम असेल तर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो: डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, गळून जाणं. मोठं माणूस हे बोलून दाखवतं, चार वर्षांचं मूल फक्त किरकिर करतं, जेवत नाही, आणि आपण म्हणतो प्रवासाने दमलंय. ३००० मीटरच्या वर तर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं या विषयातले डॉक्टर सांगतात. चार दिवसांच्या सहलीत एवढी सवड कुठून आणणार? म्हणून लहान मुलं आणि वयस्क माणसं सोबत असतील तर मी २००० मीटरच्या खालचीच जागा बघते. दृश्य तिथेही मिळतं आणि रात्री सगळे झोपतात.

उंचीसोबत आणखी दोन गोष्टी बदलतात. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून पायथ्याच्या गावाचा हवामान अंदाज बघून कपडे भरू नका. आणि दर हजार मीटरला अतिनील किरणं १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. हवा गार लागते म्हणून ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी पोरांची नाकं, कान लाल झालेले दिसतात. बर्फ असेल तर आणखी जपायला हवं, ताजा बर्फ या किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. टोपी डोकं वाचवते, पण खालून येणाऱ्या उजेडापासून डोळ्यांना गॉगलच लागतो, मुलांनाही.

डोंगरातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा. शेवटचे चाळीस किलोमीटर दोन तास खाऊ शकतात. गाडी लागण्याचा त्रास साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना सगळ्यात जास्त होतो आणि तुमची दोन्ही मुलं त्याच वयात आहेत. वळणांचा रस्ता लांबलचक असेल तर मधे एक थांबा धरा, आणि उजेड असताना पोचा. अंधारात, भुकेल्या आणि ओकून थकलेल्या मुलांना घेऊन अनोळखी पायऱ्या उतरायची वेळ कोणावर येऊ नये.

उन्हाळ्याच्या दिवसांत डोंगरात दुपारनंतर ढग भरून येणं, गडगडणं नेहमीचंच. फिरणं सकाळी उरकायचं. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या इमारतीत शिरायचं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. म्हणून डोंगरातलं रिसॉर्ट निवडताना दुपारी बंद जागेत मुलांना करायला काय आहे, हेही विचारात घ्या. एखादी मोठी खोली, चार बैठे खेळ, पुस्तकांचं कपाट एवढं असलं तरी पुरतं.

आता पाणी. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यांतली जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. तुमची मुलगी चार वर्षांची आहे. हे घाबरवायला सांगत नाही, पाण्याकाठी जायला हवंच, त्याच्यासारखा आनंद नाही. पण चार वर्षांचं मूल घेऊन पाण्याकाठचं रिसॉर्ट निवडताना पहिली कसोटी हीच: खोलीच्या दारातून ती एकटी निसटली तर पाण्यापर्यंत पोचायच्या आधी तिला काय अडवेल?

पोहण्याच्या तलावाला चारही बाजूंनी किमान १.२ मीटर उंचीचं कुंपण हवं, आणि फाटक आपोआप बंद होऊन कडी आपोआप लागणारं हवं. तीन बाजूंना कुंपण आणि चौथ्या बाजूला खोल्यांचीच रांग, अशी रचना खूप ठिकाणी असते. फोटोत ती मोहक दिसते, दार उघडलं की निळं पाणी. लहान मूल असलेल्या घराला मी ती कधीच सुचवत नाही. आणि कुंपण असणं पुरेसं नाही. एका ठिकाणी पाहणीला गेले तेव्हा फाटक अगदी हवं तसं होतं, स्प्रिंगचं, कडी मुलांच्या हाताला न पोचणारी. पण टॉवेल ने-आण करणाऱ्या मुलाला दर खेपेला ते उघडावं लागू नये म्हणून कोणीतरी त्याला कुंडी लावून ठेवली होती. कुंडीखाली फरशीवर मातीचा गोल डाग पडला होता, म्हणजे ती महिनोन् महिने तिथेच होती. मी व्यवस्थापकांना तिथल्या तिथे दाखवलं, त्यांनी कुंडी उचलली. तासाभराने पुन्हा जाऊन पाहिलं तर ती परत फाटकाला लागलेली. त्या जागेचं नाव मी माझ्या यादीतून काढलं. म्हणून सांगते, तलावाचा जाहिरातीतला फोटो बघू नका, पाहुण्यांनी काढलेल्या फोटोंत मागे फाटक दिसतंय का आणि ते बंद आहे का, ते बघा.

बुडणारं माणूस ओरडतं, हात हलवतं, अशी आपली समजूत असते. लहान मूल बहुतेक वेळा आवाजच करत नाही. उभं राहिल्यासारखं दिसतं, तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, आणि मिनिटभराच्या आत खाली जातं. आजूबाजूला वीस माणसं असतात. म्हणून 'तिथे लाइफगार्ड असतो' या उत्तरावर थांबू नका. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? जेवणाच्या सुट्टीत कोण? तोच माणूस टॉवेलही देतो का? टॉवेल देणाऱ्याची नजर पाण्यावर नसते. आणि तो असला तरी तुम्हा दोघांपैकी एकाने मुलीपासून हातभर अंतरावर राहायचं, फोन पिशवीत ठेवून. पंधरा-पंधरा मिनिटांची पाळी लावा आणि पाळी बदलताना तोंडाने बोला: 'आता तू बघतोयस.' दोघंही जवळ असताना 'दुसरा बघतोय' असं दोघांनाही वाटतं, आणि घात तिथेच होतो.

दंडाला लावायच्या फुग्यांवर आणि रबरी चक्रांवर विसंबू नका, ती खेळणी आहेत. नावेत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट मुलीच्या वजनाचं हवं, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. घालून झालं की खांद्यापाशी धरून वर उचलून बघा. जॅकेट हनुवटीच्या, कानांच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. 'चालतं हो, घट्ट बांधतो' असं नाववाला म्हणाला तर नावेत बसू नका. ही मापं मी आरक्षणाआधीच फोनवर विचारते: लहान मुलांची जॅकेटं किती, लहान मापाची हेल्मेटं किती? 'सगळ्यांना बसतात' असं उत्तर आलं की समजायचं, एकच माप आहे.

पाणी कुठलं आहे यावरही बरंच अवलंबून आहे. समुद्र असेल तर किनारा उथळ आहे की चार पावलांत खोल जातो, ते विचारा. भरती-ओहोटीमध्ये साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं, त्यामुळे सकाळी दहाला खेळायला मिळालेली वाळू दुपारी चारला पाण्याखाली असू शकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास हा फरक सगळ्यात मोठा. तुमच्या तारखांचं भरतीचं वेळापत्रक आधीच काढून ठेवा. किनाऱ्यावर लाल-पिवळ्या दोन पट्ट्यांचे झेंडे लावलेले असतील तर त्यांच्यामधला भाग जीवरक्षकांच्या नजरेखाली असतो, नुसता लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. मुलाला एवढं शिकवूनच न्या, की आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलास तर किनाऱ्याच्या दिशेने झटत राहायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला यायचं.

नदीकाठ मला लहान मुलांसाठी सगळ्यात कमी आवडतो. वरच्या अंगाला पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडलं तर डोक्यावर निळं आभाळ असतानाही पाणी वाढतं, आणि वेगाने वाहणारं वीतभर पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडू शकतं. सरोवर त्यामानाने शांत. पण डोंगरातल्या सरोवराचं पाणी वरवर कोमट वाटलं तरी खाली एकदम गार असतं. १५ अंशांच्या खालच्या पाण्यात अचानक पडलं की श्वास आपोआप आत ओढला जातो आणि पोहता येणाऱ्याचीही गडबड होते. धक्क्यावरून उडी मारायची नाही, हे अकरा वर्षांच्या मुलाला निघण्याआधीच सांगा, तिथे गेल्यावर तो ऐकणार नाही.

सरोवराबद्दल आणखी एक. ते धरणाचं असेल तर वर्षभर एकाच पातळीवर नसतं. फोटो पाणी भरलेलं असतानाच काढलेले असतात. मी एका कुटुंबासोबत कोरड्या हंगामाच्या शेवटी गेले होते, तेव्हा लाकडी धक्का तडकलेल्या चिखलावर उभा होता आणि पाणी तीनशे पावलं पलीकडे. नावा उलट्या करून ठेवलेल्या. मुलगा धक्क्याच्या टोकाला जाऊन पाय खाली सोडून बसला आणि बराच वेळ बोललाच नाही. तेव्हापासून मी पाहुण्यांचे अभिप्राय महिना बघूनच वाचते. तुम्ही ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्यातले, गेल्या दोन-तीन वर्षांतले. आणि पाचपैकी तीन तारे देणाऱ्यांचे आधी वाचा. पाच देणारा खूश असतो, एक देणारा चिडलेला असतो, तीन देणारा काय चांगलं आणि काय खुपलं ते नेमकं लिहितो.

नकाशाच्या अॅपमध्ये उपग्रहाचं चित्र उघडून दहा मिनिटं घालवा. रिसॉर्ट आणि पाणी यांच्यामध्ये रस्ता जातो का? 'पाण्याला लागून' म्हणणाऱ्या कितीतरी जागांच्या आणि पाण्याच्या मध्ये वाहता रस्ता असतो. अंतर मोजायची सोय त्याच अॅपमध्ये आहे, ती वापरा. 'सी व्ह्यू' म्हणजे पाणी दिसतं, एवढंच. पाण्यापर्यंत चालत जाता येतं, असा त्याचा अर्थ नाही.

खोलीबद्दल बोलताना शब्द नीट वापरा. 'कनेक्टिंग' म्हणजे दोन खोल्यांच्या मध्ये आतून दार, 'अॅडजॉइनिंग' म्हणजे नुसत्या शेजारी-शेजारी. तुम्हाला पहिली हवी. सासूबाईंसोबत मुलगा आणि तुमच्याकडे मुलगी, मधलं दार उघडं. तळमजला मागा, पण पाण्याकडे थेट उघडणारं दार नको. वरचा मजला मिळाला तर गॅलरीच्या गजांमधली फट १० सेंटीमीटरपेक्षा कमी आहे ना ते बघा, आणि कठड्याजवळची खुर्ची आत घ्या. न्हाणीघरात आधाराचा गज, कमोडची उंची, टब की सपाट फरशी, हे सासूबाईंसाठी. टबची कड ओलांडणं दुखऱ्या गुडघ्यांना पायऱ्यांहून अवघड जातं. थंड ठिकाणी शेकोटी किंवा गॅसचा गीझर-हीटर खोलीत असेल तर धूर आणि वायू बाहेर जायला वाट आहे ना, याची खातरजमा करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शंका आली तर दुसरी खोली मागा, यात भीड नको.

रिसेप्शनवर असतानाचं एक सांगते. कुठली खोली कोणाला, हे बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी ठरतं. आरक्षण करताना लिहिलेली विनंती तोवर यादीत तळाला गेलेली असते. म्हणून आदल्या दिवशी सकाळी स्वतः फोन करा: लहान मूल आहे, आजींचे गुडघे दुखतात, तळमजला, जेवणघराजवळ. आम्ही अशा फोननंतर खोल्या बदलत असू. त्याच फोनमध्ये विचारा की त्या दिवसांत मोठा समारंभ किंवा कंपनीचा गट आहे का. असेल तर रात्री बारापर्यंत आवाज असेल आणि पोहण्याचा तलाव तुमचा नसेल.

जेवणाच्या प्लॅनवर फार वेळ घालवू नका. सीपी म्हणजे नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे सगळं. दिवसभर बाहेर फिरणार नसाल आणि जवळपास दुसरं काही नसेल तर शेवटचा घ्या. हवामान बिघडल्यास पैसे परत मिळतात का, हे मात्र लेखी विचारा. बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, पण तारीख बदलून देणारे असतात.

मुलांच्या क्लबचं किमान वय, तिथे किती मुलांमागे किती माणसं, आणि साहसी खेळांना उंची-वजनाची अट काय, हे आधी विचारा. अकरा वर्षांच्या मुलाला तिथे गेल्यावर 'तू बसत नाहीस' हे ऐकावं लागू नये. दवाखान्याबद्दल 'जवळच आहे' यावर समाधान मानू नका. लहान मुलांचा डॉक्टर असलेलं रुग्णालय किती वेळावर आहे, रात्री दोनला गाडी कोण काढेल, आणि खोलीत फोनला रेंज येते का?

तुमच्या घरासाठी मी काय निवडेन? डोंगरांच्या कुशीतलं, पण २००० मीटरच्या खालचं, शांत सरोवराकाठचं ठिकाण. पाणी खोलीपासून दीड-दोनशे पावलांवर, मधे कुंपण आणि फाटक. सपाट वाट, कठडा आणि दिवे असलेली. व्हरांडा पाण्याकडे तोंड केलेला, म्हणजे सासूबाई तिथे बसल्या तरी नातवंडं त्यांना दिसतील आणि त्याही सहलीत असतील. मुलाला वल्हवायला शिकवणारं कोणीतरी हवं, बाकी खेळ नसले तरी चालतील. चार रात्री एकाच ठिकाणी, दोन-दोन असे तुकडे नकोत, कारण चार वर्षांच्या मुलीची झोप बसायलाच एक रात्र जाते.

आणि पोचल्यावर पिशव्या उघडायच्या आधी दोन्ही मुलांना घेऊन ती सगळी वाट एकदा चाला. दारापासून जेवणघर, तिथून पाणी, परत. फाटक ढकलून सोडून द्या आणि कडी आपोआप लागते का बघा. कुठली पायरी निसटती आहे, कुठला दिवा बंद आहे, ते बघून सासूबाईंना सांगा. काही खटकलं तर लगेच रिसेप्शनला जा. दुपारी खोल्या अजून वाटल्या जात असतात, बदलून मिळते. संध्याकाळी सातनंतर मिळणं अवघड.